कर्मचाऱ्यांची खाती आणि ॲक्सेस: एचआरएमएसचं इंटिग्रेशन, स्किम की स्वतःची स्क्रिप्ट?

अपूर्णांक

नमस्कार मंडळी. कंपनीत माणसं दोनशेच्या आसपास. ईमेल आणि ड्राइव्ह गूगल वर्कस्पेसवर. त्याशिवाय कामाची पंचवीस-तीस ॲप्स: स्लॅक, जिरा, गिटहब, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर), हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिझाइनवाल्यांचं एक, आणि कोणी कधी घेतलं ते कोणालाच आठवत नाही अशी चार-पाच. माणूस रुजू झाला की एचआर मेल करतं आणि मी एकेका ॲपमध्ये जाऊन खातं उघडतो. माणूस सोडून गेला की हेच सगळं उलट्या क्रमाने, पण तेव्हा मेल येईलच असं नाही.

आता एचआरने नवीन एचआरएमएस (कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) घेतलंय. त्यांचा विक्रेता म्हणतो, आमच्यातच इंटिग्रेशन्स आहेत, जॉइनिंग भरलं की खाती आपोआप उघडतील. आमचा डेव्हलपर म्हणतो, सगळ्यांना एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) आहे, रात्री चालणारी एक स्क्रिप्ट टाकतो. तिसरा पर्याय म्हणजे ऑक्टा किंवा मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रासारखा वेगळा आयडीपी (सगळ्यांची ओळख एका जागी सांभाळणारी सेवा) घ्यायचा आणि स्किम या मानकाने सगळं जोडायचं. साहेबांना एका पानात शिफारस हवी आहे. तिन्ही डेमो बघून झाले. तिन्हींत नवा कर्मचारी झकास तयार होतो. मग निवडायचं कशावरून?

शंकासुर

तिन्ही डेमोंत नवा कर्मचारीच दाखवला ना? गेलेला कोणी दाखवला का?

नव्या माणसाला खातं मिळालं नाही तर तो पहिल्या तासात तुमच्या डोक्यावर येऊन बसतो. गेलेल्या माणसाचं खातं उघडं राहिलं तर ते सांगायला कोण येणार? निवड करायची ती त्यावरून करा. प्रत्येक विक्रेत्याला एवढंच विचारा: माणूस गेल्यावर तुमचं इंटिग्रेशन नेमकं काय करतं, किती वेळात करतं, आणि ते झालं नाही तर मला कुठे दिसतं?

टर्मिनलराव

शंकासुरांशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). त्याआधी एक गुंता सोडवून घेऊ, कारण विक्रेते तो मुद्दाम तसाच ठेवतात. 'इंटिग्रेशन आहे' या दोन शब्दांत किमान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली, एसएसओ, म्हणजे एकाच लॉगिनने सगळ्या ॲप्समध्ये शिरणं. त्यासाठी सॅमल किंवा ओआयडीसी (ओपनआयडी कनेक्ट). सॅमल २.० हे २००५ पासूनचं मानक, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं. दोन्ही फक्त 'हा माणूस तोच आहे' एवढंच सांगतात, तेसुद्धा लॉगिनच्या क्षणी. खातं बंद करणं त्यांच्या कामात येतच नाही.

दुसरी, जस्ट-इन-टाइम. माणूस एसएसओने पहिल्यांदा आत आला की ॲप त्याचं खातं तिथल्या तिथे तयार करतं. डेमोत फार छान दिसतं. पण माणूस गेल्यावर तो परत लॉगिन करत नाही, म्हणजे ॲपला काही कळायचा प्रश्नच नाही. खातं तसंच पडून राहतं. त्याने स्वतःसाठी काढलेला एपीआय टोकन (प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी द्यायची चावी) असेल तर तो बऱ्याच ॲप्समध्ये चालूही राहतो, कारण टोकन एसएसओच्या दारातून जातच नाही.

तिसरी, स्किम. २.० आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) ७६४३ आणि ७६४४ म्हणून आली. यात आयडीपी स्वतःहून ॲपला सांगतो: हा माणूस तयार कर, याचा विभाग बदल, याला निष्क्रिय कर. तुम्हाला हवं ते हेच. पण सगळ्यांचं स्किम सारखं नसतं, त्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

चौथी, ॲपचा स्वतःचा एपीआय. प्रत्येकाचा निराळा. तुमचा डेव्हलपर म्हणतोय तो हा, आणि एचआरएमएसवाल्यांची 'तयार' इंटिग्रेशन्स आतून बहुतेक हीच असतात.

तेव्हा ॲपची यादी करा आणि प्रत्येकापुढे या चारांपैकी काय मिळतं ते लिहा. 'आपण आत्ता घेतलेल्या प्लॅनमध्ये मिळतं का' हा रकाना विसरू नका. एसएसओ आणि स्किम वरच्या प्लॅनमध्ये ढकलायची या धंद्यात जुनी खोड आहे. 'एसएसओ टॅक्स' म्हणतात त्याला, आणि उगाच म्हणत नाहीत.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर मे २०२१ मधला अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनवरचा सायबर हल्ला आठवा. हल्लेखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या) खात्यातून. त्या खात्यावर फक्त पासवर्ड होता, दुसरा घटक (ओटीपीसारखी जास्तीची खात्री) नव्हता. इंधनाची अख्खी पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली.

खटपट्या

टर्मिनलराव, सगळं मान्य, पण दोनशे माणसांना ऑक्टा म्हणजे जरा जास्त होत नाही का? मी डेव्हलपरच्या बाजूचा. स्क्रिप्टला लोक उगाच नावं ठेवतात. एचआरएमएसमधून यादी घ्यायची, प्रत्येक ॲपमधली खाती घ्यायची, दोन्हींची तुलना करायची आणि फरक असेल तिथे कारवाई करायची. चारपाचशे ओळींत होतं. कोण आत आहे आणि कोण असायला नको, हे त्या तुलनेतून जसं स्वच्छ दिसतं तसं विकतच्या साधनांत बऱ्याचदा दिसत नाही. स्किमवाला आयडीपी त्याने स्वतः तयार केलेल्या किंवा जुळवलेल्या खात्यांकडेच बघतो. कोणा ॲडमिनने थेट ॲपमध्ये जाऊन हाताने उघडलेलं खातं त्याच्या गावीही नसतं.

टर्मिनलराव

शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तो तुलनेच्या बाजूचा मुद्दा झाला. स्क्रिप्टने *बदल* करावेत की नाही, हा वेगळा प्रश्न.

तुमच्या स्क्रिप्टकडे पंचवीस ॲप्सच्या ॲडमिन चाव्या असणार. त्या कुठे ठेवल्यात? ती लिहिणारा सोडून गेला तर कोण सांभाळणार? आणि एके रात्री एचआरएमएसच्या एपीआयने अर्धीच यादी पाठवली तर? स्क्रिप्टच्या लेखी उरलेली अर्धी कंपनी राजीनामा देऊन मोकळी. एन्ट्रा कनेक्टमध्ये (कंपनीतली खाती एन्ट्राशी जुळवणाऱ्या साधनात) यासाठी मर्यादाच घातलेली असते, एका फेरीत ५०० हून जास्त वस्तू पुसायची वेळ आली तर ते थांबतं. तुमच्या चारपाचशे ओळींत तशी ओळ आहे का?

खटपट्या

आहे. दहा टक्क्यांवर थांबते आणि मला मेल करते :) पण चाव्यांचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

पाचवा_मजला

चाव्यांवरून आठवलं. विकतच्या स्किमलाही चावी लागतेच. काही ॲप्समध्ये स्किमचा टोकन ज्या ॲडमिनने काढला त्याच्या खात्याला बांधलेला असतो. ॲडमिन नोकरी सोडतो, स्किम इमानेइतबारे त्याचं खातं निष्क्रिय करतं, आणि त्याबरोबर स्वतःचाच टोकन मारून बसतं. त्यानंतर कोणाचंच खातं बंद होत नाही. टोकन नेहमी कोणा माणसाच्या नावावर नसलेल्या सेवा-खात्यातून काढा, आणि त्या खात्याची मालकी दोघांकडे ठेवा.

मंजुषा_एचआर

इथे सगळे आयटीवाले दिसतात, म्हणून एचआरच्या बाजूने लिहिते. 'एचआरएमएस हाच खरा स्रोत' असं तुम्ही लोक सहज म्हणता, पण आमची नोंद बनते पगारासाठी. त्यातून ॲक्सेस चालवायचा तर काही गोष्टी आधी माहीत असू द्या.

कंत्राटी लोक, इंटर्न, ऑडिटर, एजन्सीतून आलेले: यातलं कोणीच आमच्या सिस्टिममध्ये नसतं, कारण त्यांना पगार आम्ही देत नाही. ईमेल मात्र सगळ्यांना दिलेला असतो. अपूर्णांक, तुमच्याकडच्या अशा लोकांची यादी कोणाकडे आहे? बहुधा कोणाकडेच नसेल. त्यांच्यासाठी वेगळी नोंद ठेवा, प्रत्येकाला एक जबाबदार मॅनेजर आणि संपण्याची तारीख. तारीख उलटली की खातं बंद, हवं असेल तर मॅनेजरने वाढवून घ्यायचं.

शेवटचा दिवस हाही सरळ नसतो. राजीनाम्याची तारीख वेगळी, कामाचा शेवटचा दिवस वेगळा, आणि हिशेब पूर्ण होऊन आमच्याकडे नोंद 'निष्क्रिय' होते तो दिवस आणखी वेगळा. तो शेवटचा टप्पा कधीकधी कित्येक आठवड्यांनी येतो. इंटिग्रेशन यातलं कोणतं फील्ड वाचतं ते विक्रेत्याला विचारा. बरीच इंटिग्रेशन्स 'स्टेटस' वाचतात, आणि तिथेच घोळ होतो. वाचायला हवी ती कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख. आणि तीही कुठल्या वेळेला? माणूस दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल तर त्याच्या दुपारी खातं बंद होऊन निरोपाच्या मीटिंगमधून तो बाहेर फेकला जातो. (झालेलं आहे.)

लोक राजीनामा मागेही घेतात. सोडून गेलेले दोन वर्षांनी परत येतात. लग्नानंतर कोणी नाव बदलतं, कोणी बदललेलं नाव परत जुनं करतं.

शंकासुर

मंजुषाताई, दंडवत. तुमचं शेवटचं वाक्य आयटीवाल्यांनी भिंतीवर लावावं. नाव बदललं की ईमेल बदलतो, आणि जी इंटिग्रेशन्स माणूस ईमेलवरून ओळखतात ती दुसरं खातं उघडून मोकळी होतात. जुन्या खात्यात त्याचं सगळं काम, नवं खातं कोरं. याहून वाईट म्हणजे सोडून गेलेल्याचा ईमेल त्याच नावाच्या नव्या माणसाला दिला, तर जुन्याची कागदपत्रं नव्याच्या हातात.

म्हणून जुळवणी कायम न बदलणाऱ्या आकड्यावर हवी. एम्प्लॉयी क्रमांक चालेल, पण परत येणाऱ्याला नवीन क्रमांक देता की जुनाच, ते एचआरकडून ठरवून घ्या. स्किममध्ये यासाठी 'एक्स्टर्नल आयडी' नावाचं फील्डच आहे. तुमच्या बाजूचा ओळखक्रमांक तिथे बसतो, ॲप स्वतःचा 'आयडी' वेगळा देतं. एचआरएमएसवाल्यांच्या इंटिग्रेशनमध्ये जुळवणी कशावर होते ते विचारा. उत्तर 'ईमेल' असेल तर ते इंटिग्रेशन मी माझ्याकडे घेणार नाही.

निळी_शाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). टर्मिनलरावांनी वर सोडून दिलेला धागा मी उचलते: स्किम आहे म्हणजे नेमकं काय आहे?

ॲपचं स्किम तपासायला आधी त्याचा 'सर्व्हिस प्रोव्हायडर कॉन्फिग' हा एंडपॉइंट (एपीआयमधला एक पत्ता) बघा. पॅच (नोंदीचा थोडाच भाग बदलणं) चालतं का, फिल्टर चालतो का, बल्क (एकदम अनेक बदल) आहे का, हे ॲपने तिथे स्वतःच सांगायचं असतं. मग 'ग्रुप्स' खरंच चालतात का ते पाहा. कित्येक ॲप्स फक्त 'युजर्स' देतात. म्हणजे खातं उघडेल-मिटेल, पण आत गेल्यावर काय दिसावं हे पुन्हा हातानेच. जाहिरातीत दोघांनाही 'स्किम सपोर्ट' असंच म्हणतात.

आयडीपींच्याही तऱ्हा आहेत. एन्ट्रा बदल लगेच पाठवत नाही, साधारण २० ते ४० मिनिटांनी फेरी होते. कोणाला ताबडतोब बाहेर काढायचं असेल तर मागणीनुसार एका माणसापुरतं प्रोव्हिजनिंग (खातं उघडणं-मिटवणं) करायची सोय आहे, ती आधी करून बघा, ऐनवेळी बटण शोधत बसू नका. ग्रुपच्या आतला ग्रुप एन्ट्रा वाचत नाही, थेट सदस्यच बघतो. आमच्याकडे विभागांचे ग्रुप एकात एक घातलेले होते, ते सगळे सरळ करायला लागले. आणखी एक गंमत: एन्ट्रा जुन्या पद्धतीत 'ॲक्टिव्ह' ची किंमत खऱ्या बुलियनऐवजी (हो/नाही या प्रकारच्या किमतीऐवजी) 'फॉल्स' या अक्षरांत पाठवायचं. ज्या ॲपने मानक तंतोतंत पाळलं ते ती विनंती नाकारायचं. मायक्रोसॉफ्टने त्यावर एक फ्लॅग (जुनी पद्धत बदलायची खूण) दिलाय, तो टेनंट यूआरएलच्या (एन्ट्रात भरलेल्या ॲपच्या स्किमच्या पत्त्याच्या) शेपटीला जोडावा लागतो.

ऑक्टा स्किमवरून माणूस 'डिलीट' करत नाही, निष्क्रियच करतो. मला ते आवडतं. पण निष्क्रिय खातंही सीट (पैसे मोजलेली जागा) अडवतं का, हे ॲपप्रमाणे बदलतं. गूगल वर्कस्पेसमध्ये सस्पेंड केलेल्या खात्याचंही लायसन्स चालूच राहतं, म्हणून तिथे 'अर्काइव्ह्ड युजर' हा वेगळा प्रकार आहे.

पाचवा_मजला

मग सरळ डिलीटच करावं ना. भूतं कशाला पाळायची?

निळी_शाई

करा, पण घाईने नको. गूगलमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंत परत आणता येतं, एन्ट्रात ३० दिवस. त्यानंतर राम राम. तोवर ड्राइव्हच्या फाइल्स आणि कॅलेंडरमधल्या वारंवार होणाऱ्या मीटिंगा दुसऱ्याच्या नावावर झाल्या नसतील तर बसा शोधत. आमच्याकडचा क्रम: शेवटच्या क्षणी सेशन (चालू लॉगिन) रद्द आणि खातं निष्क्रिय, मग मॅनेजरकडे फाइल्सची मालकी, मग ठरलेली मुदत संपल्यावर डिलीट. पहिला टप्पा आपोआप. दुसरा आणि तिसरा माणसाच्या संमतीनेच.

सेशन रद्द करणं हा वेगळा टप्पा धरा हो. आयडीपीत खातं बंद केलं तरी ॲपने आधीच दिलेली कुकी (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) तिच्या मुदतीपर्यंत चालत राहते. स्किमने 'निष्क्रिय' पाठवल्यावर ॲप चालू सेशन तोडतं का, हे डेमोत स्वतः करून बघा: एका खिडकीत टेस्ट युजरने लॉगिन करून ठेवा, दुसऱ्या खिडकीतून त्याला बंद करा, मग पहिल्या खिडकीत पान उघडत राहा. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अपूर्णांक

मंडळी, धागा टाकला तेव्हा वाटलं होतं चार प्रतिसाद येतील. टर्मिनलरावांनी सांगितलेली यादी केली. चित्र असं:

स्लॅक, जिरा, गिटहब आणि सीआरएमला स्किम आहे, पण त्यातल्या दोघांसाठी प्लॅन वाढवावा लागेल. आठ-नऊ ॲप्सना फक्त एसएसओ, तेही बहुतेक जस्ट-इन-टाइमवालं. बाकीच्यांना नुसता ईमेल-पासवर्ड, आणि त्यातच हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे! एचआरएमएसच्या 'सगळी इंटिग्रेशन्स' मध्ये आमच्या यादीतली सहा सापडली. विचारलं तेव्हा कळलं की त्यातल्या चारांमध्ये ते फक्त खातं उघडतात, बंद करत नाहीत. जुळवणी ईमेलवर. शेवटच्या दिवसाचं फील्ड 'रोडमॅपवर आहे'.

शंकासुर

'रोडमॅपवर आहे' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

एचआरएमएसचा मग एवढाच उपयोग करा: माणूस आला, गेला, विभाग बदलला, ही बातमी आयडीपीला द्यायची. ॲपला हात लावायचा तो आयडीपीने. एचआरचं सॉफ्टवेअर उद्या पुन्हा बदललं (बदलतंच) तर एकच जोड बदलावी लागेल. सहा ॲप्सची जोडणी त्याच्यात गुंतलेली असली की एचआरएमएस सोडताही येत नाही, आणि विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं.

अजून कोणी बोललं नाही तो मुद्दा म्हणजे विभाग बदलणारे. येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची काळजी सगळे करतात. मधल्याला नवं मिळतं, पण जुनं कोणी काढून घेत नाही. सपोर्टमधून अकाउंट्समध्ये आणि तिथून सेल्समध्ये गेलेल्या माणसाकडे सात-आठ वर्षांत मालकापेक्षा जास्त चाव्या जमतात. ॲक्सेस थेट माणसाला न देता ग्रुपला द्या, आणि ग्रुपचं सदस्यत्व विभाग व हुद्द्यावरून आपोआप ठरू द्या. विभाग बदलला की जुन्या ग्रुपमधून तो आपसूक बाहेर. अपवाद लागतातच, ते मुदतीचे ठेवा. पण ग्रुप मोजकेच ठेवा. प्रत्येक बारीकसारीक फरकाला एक ग्रुप काढत बसलात तर माणसांपेक्षा ग्रुप जास्त होतील, आणि मग कुठला कशासाठी हे कोणालाच सांगता येत नाही.

खटपट्या

आणि ज्यांना काहीच नाही, ते हिशेबाचं सॉफ्टवेअर वगैरे? तिथे आयडीपी काय करणार? तिथे माझी स्क्रिप्टच लागेल बघा. टर्मिनलरावांचं भय राखून: स्क्रिप्टला फक्त वाचायची चावी द्या. जिथे एपीआय नाही तिथे ॲपमधून खात्यांच्या यादीची सीएसव्ही फाइल काढा. आठवड्यातून एकदा तुलना, आणि जो असायला नको तो दिसला की तिकीट (करायच्या कामाची नोंद). बंद माणूस करेल. आयडीपीला न दिसणारी हाताने उघडलेली खातीही यातच सापडतात, शिवाय गिटहबच्या डिप्लॉय की (सर्व्हरला कोडपर्यंत पोचायला दिलेल्या चाव्या). त्या रेपोला (कोडच्या साठ्याला) जोडलेल्या असतात, तयार करणारा गेला तरी चालूच राहतात, स्किमला त्यांचा पत्ताच नाही.

टर्मिनलराव

वाचायची चावी आणि तिकीट? हे मला पटलं. लिहून ठेवा, खटपट्या आणि मी एकमताला आलो.

अपूर्णांक, आयडीपी कोणताही घ्या, दोन आणीबाणीची ॲडमिन खाती त्या सगळ्या साखळीबाहेर ठेवा. ना एसएसओ, ना एचआरएमएस. लांबलचक पासवर्ड आणि हार्डवेअर की, दोन वेगळ्या जागी. त्यांच्यातून कोणी लॉगिन केलं की अलर्ट. सॅमलचं सर्टिफिकेट कधीतरी संपतंच (एन्ट्रात डिफॉल्ट ३ वर्षं), आणि ज्या दिवशी संपतं त्या दिवशी ॲडमिनही बाहेरच उभा असतो.

अवांतर: फुकटातला आयडीपी हवा असेल तर कीक्लोक आहे. सॅमल आणि ओआयडीसी उत्तम करतं. पण ॲप्समध्ये खाती उघडणं-मिटवणं हे त्याचं मुख्य काम नाही, आणि ते चालवायला माणूस लागतो. एकट्या ॲडमिनने त्याच्या नादी लागू नये.

अपूर्णांक

साहेबांना पाठवतोय ते थोडक्यात असं. एचआरएमएसमधून फक्त बातमी, जुळवणी एम्प्लॉयी क्रमांकावर, बंद करण्यासाठी कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख. मधे आयडीपी. स्किम असलेली चारही ॲप्स त्याला जोडायची आणि त्यातल्या दोघांचा प्लॅन वाढवायचा, कारण ग्राहकांची माहिती आणि कोड तिथेच आहे. एसएसओवाल्यांना एसएसओ, पण त्यांची खाती आठवड्याच्या तुलनेत. बाकीच्यांपैकी ज्यांचा मालकच सापडत नाही ती चार-पाच ॲप्स बंद. हिशेबाचं सॉफ्टवेअर हातानेच, पण मेलवर नाही, तिकिटावर. कंत्राटी लोकांची यादी मंजुषाताई म्हणतात तशी.

आयडीपी कोणता ते अजून ठरत नाहीये. गूगल आधीच आहे, त्याचंच ऑटो-प्रोव्हिजनिंग (ॲप्समधली खाती आपोआप उघडायची-मिटवायची सोय) पुरेल का?

निळी_शाई

तुमची चारही ॲप्स गूगलच्या ऑटो-प्रोव्हिजनिंगच्या यादीत आहेत का आणि तुमच्या एडिशनमध्ये किती जोडता येतात, हे आधी बघा. चारही बसत असतील तर एक वर्ष त्यावर काढा. ग्रुपही ॲप्सना पाठवायची गरज पडली की तेव्हा वेगळ्या आयडीपीचं बघू. चाचणी मात्र वर सांगितलेली, दोन खिडक्यांची. ती चारही ॲप्सवर करून निकाल इथेच टाका, मला सीआरएमबद्दल उत्सुकता आहे.

मंजुषा_एचआर

आणि नोटिस पीरियडमधल्या एखाद्या खऱ्या माणसावर चाचणी करू नका, प्लीज. टेस्ट युजरच वापरा. त्याला आमच्या सिस्टिममध्ये नोंद करून हवी असेल तर सांगा, पगाराच्या फेरीतून वगळायला लागतो तो, नाहीतर त्याची पे-स्लिप निघते.